मासळी बाजारातला किल्लेदार

३ जानेवारी १९८३, सोमवार

आज कलेचा अपमान झाला.

परळच्या सभागृहात दर फेब्रुवारीत गिरणी कामगारांचा नाट्यमहोत्सव भरतो. आमच्या गिरणीचं नाटक त्यात दरवर्षी असतं. नाटककार, दिग्दर्शक आणि प्रमुख नट मीच. हजेरीपटावर माझं नाव गुणाजी परब, पण साचेखात्यात, म्हणजे मागांवर, सगळे मला किल्लेदार म्हणतात, कारण मी लिहिलेल्या प्रत्येक नाटकात एक किल्लेदार असतो आणि तो मी असतो. यंदा 'अभेद्य' ही पाच अंकी शोकान्तिका तयार आहे. संपामुळे वर्षभर सवड मिळाली, एरवी तीनच अंक झाले असते.

महोत्सवाचे चिटणीस अर्ज बघून म्हणाले, "परब, यावर गिरणीच्या कल्याण अधिकाऱ्याची सही लागते."

"साहेब, गिरणी वर्षभर बंद आहे."

"मग हे गिरणीचं नाटक कसं म्हणायचं?"

याला उत्तर म्हणून मी त्यांना दुसऱ्या अंकातलं स्वगत म्हणून दाखवलं. त्यांनी तेवढ्यात चहा संपवला आणि म्हणाले, "सही आणा."

तसाच गिरणीच्या फाटकावर गेलो. रखवालदार जुना ओळखीचा. तो म्हणाला, "साहेब आत बसतात. कामावर या, सही लगेच मिळेल."

सहीसाठी संप मोडायचा? मी त्याच्याकडे किल्लेदाराच्या नजरेने पाहिलं. त्याने विडी पेटवली.

घरी येऊन कौसल्येला सगळं साभिनय सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मग दुसरीकडे करा." बायकोला महोत्सव म्हणजे काय हे इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

५ जानेवारी, बुधवार

चाळीच्या गॅलरीत नाटकमंडळींची बैठक. पेटी वाजवणारा आणि शत्रूचा वकील होणारा विठोबा, पडदा ओढणारा रघु, आणि धोंडू. धोंडूचा साचा माझ्या साच्याला लागून, गाव एकच, आणि खोली माझ्या खोलीच्या बरोबर खाली. 'अभेद्य'मध्ये तो फाटकाचा पहारेकरी आहे. किल्ल्याला वेढा पडलेला असतो, धान्य संपलेलं असतं आणि हा पहारेकरी उपासाला कंटाळून फाटक उघडायला जातो. पाचव्या अंकात मी त्याला तलवारीने मारतो आणि मग दुःखाने स्वतःही मरतो. इतकं करुण मी आजवर काही लिहिलेलं नाही.

मी प्रस्ताव मांडला: महोत्सव आपल्याला घेत नाही, तर आपण आपला महोत्सव काढू. त्याच आठवड्यात, त्यांच्या नाकासमोर. नाव, 'अखिल गिरणगाव स्वतंत्र नाट्यमहोत्सव'.

"स्वतंत्र म्हणजे फुकट ना?" विठोबाने विचारलं.

अडचण जागेची. शाळेने नाही म्हटलं. गणपतीच्या मंडळाने मैदानात क्रिकेटचे सामने लावलेत. तेवढ्यात कौसल्या चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मासळी बाजार संध्याकाळी रिकामाच असतो. सभागृहाच्या समोरच आहे. ओटे उंच आहेत, वर पत्रा आहे, दिवे आहेत. मी जाईबाईला विचारते."

ही जाईबाई कोळीण बाजारात सगळ्यांत मोठ्या आवाजाची. कौसल्येची तिच्याशी एवढी ओळख कधी झाली कोण जाणे. पण हल्ली कौसल्या सकाळची तिकडेच असते. मासळीची गोडी लागली असेल. मालवणच्या मुलीला ती लागायचीच.

८ जानेवारी, शनिवार

जाईबाई भेटली. जागा देते म्हणाली. मग पदर खोचून म्हणाली, "पन मना काम पायजे."

"कसलं काम?"

"नाटकात. रानी हाय ना तुज्या नाटकात? ती मी होनार."

दरवर्षी किल्लेदारीणबाईंच्या कामासाठी आम्ही गिरगावातून नटी ठरवून आणतो. यंदा ते शक्य नव्हतं, म्हणून ती भूमिका मी विठोबाला देणार होतो. विठोबा मिशा काढायला तयार नव्हता. मी जाईबाईला समजावलं की ही राणी नाजूक आहे, शोकाने झुरते आहे, तिची भाषा शुद्ध आहे.

"झुरन की," ती म्हणाली. "मना काय झुरता येत नाय?"

कलेसाठी माणसाला बरंच गिळावं लागतं. मी हो म्हटलं.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. तालीम बाजारातच, ओट्यावर. रघुने होडीचं जुनं जाळं आणि त्याला टाचलेली लुगडी असा पडदा केला आहे. वास येतो, पण वेढ्यात सापडलेल्या किल्ल्यात तरी अत्तर कुठून असणार?

जाईबाईला वाचता येत नाही, त्यामुळे कौसल्या तिला संवाद म्हणून दाखवते. पाच अंक कौसल्येला तोंडपाठ आहेत, ही गोष्ट मला आजच कळली. मी घरात मोठ्याने लिहितो, त्याचा हा परिणाम.

राणीचं मुख्य वाक्य असं: "स्वामी, कोठारातले धान्य संपले, परंतु आपला निर्धार न संपो." जाईबाईने ते म्हटलं आणि विचारलं, "मंग रातच्याला शिजवलान काय तिनं?"

"ते नाटकात नाही."

"कसं नाय? धान्य संपलं म्हनते ना ती?"

मी तिला रसनिष्पत्ती समजावून सांगितली. ती ऐकता ऐकता बर्फ फोडत होती.

१८ जानेवारी, मंगळवार

आज संपाला वर्ष झालं. सभेला गेलो. गर्दी होती, पण पहिल्यासारखी नाही. ओळखीचे बरेच चेहरे दिसले नाहीत. कुणी गावी गेलं, कुणी हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानात गठ्ठे उचलतं, आणि काही जण पोलिसांच्या गाडीतून आत कामावर जातात. त्यांची नावं कुणी उघड घेत नाही.

परतताना धोंडू दिसला. सभेला आला नव्हता. गिरणीच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे एकटाच उभा होता आणि फाटकाकडे टक लावून पाहत होता. मी हाक मारणार होतो, पण थांबलो. पहारेकऱ्याची भूमिका इतकी मनावर घेतलेला नट मी पाहिलेला नाही. फाटक कसं असतं, त्याच्यापाशी माणूस कसा उभा राहतो, सगळं निरखत होता. त्याला मी उगाच सामान्य नट समजत आलो.

२१ जानेवारी, शुक्रवार

धोंडू तालमीनंतर म्हणाला, "गुणग्या, माका ह्या काम नको."

मी म्हटलं, "अरे, तुझा अभ्यास तर उत्तम चाललाय."

"खयचो अभ्यास?"

"फाटकासमोर बघितलं मी तुला."

त्याचा चेहरा उतरला. नम्र आहे. स्तुती सोसत नाही. मग म्हणाला, "पहारेकऱ्याक मारू नको, इतक्याच सांगतंय. तेचा काय ता ऐकून तरी घे."

लक्षात आलं. त्याला लांब भाषण हवंय. सगळ्या नटांचं असंच असतं. मी त्याला मरताना म्हणायला दोन ओळी वाढवून दिल्या: "स्वामी, मी लाचार झालो. मला क्षमा नको, मृत्यू द्या." त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि घरी गेला. त्याची बायको रखमा दिवाळीत बाळंत झाली आहे. मूल सारखं रडतं, पाठांतर होत नसेल बिचाऱ्याचं.

२६ जानेवारी, बुधवार

कौसल्येला जरा रागावलो. तिच्या हातांना कोळंबीचा वास येतो आणि बोटांवर बारीक बारीक चिरा आहेत. म्हटलं, जाईबाईकडे बसून गप्पा मारता मारता तिची कोळंबी कशाला सोलायची? तिने सोलावी तिची. कौसल्या हसली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. बरोबर कोळंबीचं सार होतं. जाईबाई मनाची मोठी आहे, रोज काहीतरी देते.

आपला महोत्सव वाढतोय. नायगावच्या बीडीडी चाळीतलं भजनी मंडळ येणार. कॉटन ग्रीनच्या गोदामातले हमाल येऊन कोकणातला बाल्या नाच करणार. त्यांना कुणीच कधी महोत्सवात घेतलं नव्हतं. त्यांनी तसा अर्जही केला नव्हता म्हणा. मी प्रत्येकाला आमच्या महोत्सवाचं पूर्ण नाव सांगतो. सगळे 'बाजारातला' म्हणतात.

२ फेब्रुवारी, बुधवार

सभागृहातला महोत्सव सुरू झाला. चिटणीस बाजारात आले होते, नाकाला रुमाल लावून. म्हणाले, "परब, आमच्या नाटकात तुमचा आवाज आला तर तक्रार करावी लागेल."

मी म्हटलं, "साहेब, अभिजात शोकान्तिका आहे. प्रेक्षक श्वास रोखून बसतात. आवाज येणारच नाही."

५ फेब्रुवारी, शनिवार

प्रयोग झाला. मन शांत ठेवून लिहितो.

दिवे लागायच्या सुमाराला बाजार भरला. ओट्यांमध्ये, पायऱ्यांवर, उलट्या टोपल्यांवर माणसं. धुतलेला असला तरी ओटा ओला होता. पडदा वर गेला, मी 'हे तारकांनो' म्हणून हात उंचावला आणि घसरून बसलो. लोक हसले. मी बसूनच स्वगत पूर्ण केलं, जणू किल्लेदार उपासाने खचला आहे. हे मला तिथल्या तिथे सुचलं. तेवढ्यात बाजारातलं मांजर येऊन माझ्या मांडीवर बसलं. लोक आणखी हसले. खालच्या दर्जाच्या जागेत सुरुवातीला असं होतं.

तिसऱ्या अंकात जाईबाई आली. सोन्याच्या कुड्या, हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. मी म्हटलं, "प्रिये, तुझ्या मुखावर ही मलूल छाया का?"

ती म्हणाली, "स्वामी, कोठारातलं धान्य संपलं. निर्धार तेवरा हाय. त्याला फोरनी देऊ का कालवन करू?"

पत्र्याचं छप्पर हललं. लोक टोपल्या बडवू लागले. मी दबक्या आवाजात म्हटलं, "परंतु आपला निर्धार न संपो." ती मोठ्याने म्हणाली, "ता कसा संपल? खातो कोन त्याला?"

मला राग आला आणि मी घरात बोलतो तसा बोलून गेलो: "जाईबाई, मी किल्लेदार आहे." ती म्हणाली, "हायस रं बाबा, म्हनून तर तुना पयला वारते." आणि वाढल्यासारखी रिकामी पळी माझ्या हातावर उपडी केली. समोर सभागृहात मध्यंतर झालं होतं. वडे खायला बाहेर आलेले लोक इकडे वळले ते परत गेलेच नाहीत.

पाचवा अंक. फाटक उघडायला निघालेल्या पहारेकऱ्याला मी पकडतो. धोंडू समोर उभा. मी तलवार उपसली. त्याने म्हणायचं होतं, "स्वामी, मी लाचार झालो." तो बोलला नाही. मी हळूच आठवण केली, "लाचार. लाचार."

तो म्हणाला, "गुणग्या, मी सोमवारी कामार जातंय."

मला वाटलं वाक्य विसरला. "मृत्यू द्या," मी पुटपुटलो.

"रखमाक दूध नाय. पोरग्याक पाणी पाजून निजवतंय. मी फाटकातून आत जातंय. तुमच्यासमोर सांगतंय, चोरून नाय."

विठोबाची पेटी मध्येच थांबली. मागून कुणीतरी "गद्दार" म्हणून ओरडलं आणि एक टोपली येऊन ओट्यावर पडली. माझा हात वरच होता, तलवारीसकट. काय करायचं ते माझ्या संहितेत लिहिलेलं होतं. जाईबाईने माझं मनगट धरलं. हळू म्हणाली, पण शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू गेलं: "याला मारशील आनि उद्या फाटकावं उभा कोन राहील? तू? तुजी तं तलवार लाकराची हाय."

कुणी हसलं नाही. मी तलवार खाली घेतली. पुढचं एकही वाक्य मला आठवेना. मी म्हटलं, "धोंड्या, मला आधी सांगायचंस रे."

"सांगत होतंय," तो म्हणाला.

रघुने पडदा सोडला. त्यात ते मांजर अडकलं.

मी मेलोच नाही. इतक्या वर्षांच्या नाटकांत पहिल्यांदा असं झालं.

७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी खाली गेलो. धोंडूला परवाच्या प्रयोगाबद्दल चार गोष्टी सांगायच्या होत्या. तो निघायच्या तयारीत होता. हातात डबा. डबा आमच्या घरचा होता, झाकणावर माझं नाव कोरलेलं. कौसल्या रखमाच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती.

नाक्यावर संपवाले उभे असतात. सकाळी आत जाणाऱ्यांना शिव्या बसतात, कधी दगडही. मला धोंडूला संवादफेकीबद्दल बोलायचं होतं, म्हणून मी बरोबर चालू लागलो. त्याच्या खांद्यावर हात टाकून मी त्याला श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे तोडायचा ते मोठ्याने समजावत होतो. तो म्हणाला, "गुणग्या, तू परत जा. तुझा नाव खराब होयत."

"मध्ये बोलू नकोस, सूर जातो," मी म्हटलं आणि पहिल्या अंकाचं स्वगत सुरू केलं.

नाक्यावरचे लोक पुढे आले. मी थांबलो नाही. एक जण म्हणाला, "किल्लेदार, तुम्ही पण आत?" मी म्हटलं, "मी तालीम घेतोय, बाजूला व्हा." कुणीतरी हसलं. जाईबाईचं कालवणाचं वाक्य कुणीतरी म्हटलं आणि मग सगळेच हसले. तेवढ्यात आम्ही पुढे निघून आलो. फाटकापाशी स्वगत संपलं. धोंडू आत गेला. मी बाहेर थांबलो, कारण मी संपावर आहे.

स्वगत चालता चालता म्हटलं की जास्त खुलतं, हे लक्षात आलं. उद्याही जाईन.

१० फेब्रुवारी, गुरुवार

चिटणीस चाळीत आले. स्वतः. कौसल्येने त्यांना खुर्ची दिली आणि मी कॉटवर बसलो.

म्हणाले, "परब, समारोपाला तुमचं नाटक घेऊ. सहीचं बघतो मी. प्रेक्षक मागतायत." मी कॉटवरून उठून उभा राहिलो. इतकी वर्षं मी त्या सभागृहात स्पर्धेत नाटक केलं. समारोपाला कामगारांचं नाटक कधीच नसतं, तिथे मोठी मंडळी येतात.

"दोन बदल करा," ते म्हणाले. "कोळीणबाईंच्या जागी आपण चांगली नटी देऊ, तीच वाक्यं म्हणेल. आणि तो पहारेकऱ्याचा शेवट काढा. समोर पाहुणे असतील, संपाचं काही नको. बाकी असा विनोदी फार्स आम्ही वर्षानुवर्षं पाहिला नाही."

"काय पाहिला नाही?"

"फार्स."

मी कौसल्येकडे पाहिलं. ती चुलीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. अपमानाने तिलाही रडू आलं असावं.

मी चिटणिसांना म्हटलं, "साहेब, ही शोकान्तिका आहे. शोकान्तिका म्हणून घेणार असाल तर राणी बदलून देतो."

हे बोललो आणि लगेच जाईबाईचा माझ्या मनगटावरचा हात आठवला. मी म्हटलं, "नाही. राणी तीच. पहारेकरीही तोच. शेवट मीच अजून नीट लिहितोय."

"परब, अशी संधी पुन्हा येत नाही."

"मी यंदा बाजारात आहे, साहेब. रविवारी दुसरा प्रयोग आहे. या. ओल्या पायऱ्यांवरून जपून."

ते गेल्यावर मला फार वाईट वाटलं. समारोपाला सभागृहातला मखमली पडदा एकदा तरी माझ्यासाठी उघडायला हवा होता. कौसल्येला तसं म्हटलं. ती म्हणाली, "जाळ्याचा काय वाईट आहे? आरपार दिसतो." हे काही सांत्वन नव्हे.

१३ फेब्रुवारी, रविवार

दुसरा प्रयोग. विठोबा दुपारपासून म्हणत होता की धोंडूला ओट्यावर आणलंस तर लोक नाटक उधळतील. त्याचं बरोबर होतं. पाचव्या अंकात धोंडू वर चढला तसे मागचे दहा-बारा जण उभे राहिले.

जाईबाई पडद्याआडून पुढे आली. हातात कोयता, कारण तिच्या मते राणीच्या हातात काहीतरी असायला हवं. म्हणाली, "ज्याना उठायचं त्यानी खुशाल उठा. मंग माज्या ओट्यावं बोंबलाचा भाव इचारायला येऊ नका."

ते एकमेकांकडे बघत उभे राहिले. त्यांच्यातला एक म्हातारा साचेवाला म्हणाला, "बसा रे. काय बोलतोय ते तरी ऐकू." बसले.

धोंडूने या वेळी कुणीही न लिहिलेलं भाषण केलं. फाटकाच्या आत काय असतं ते सांगितलं. बरेच साचे बंद आहेत, धूळ बसली आहे, आपल्या शेजारचा साचा कुणाकडे नाही म्हणून तो त्याच्यावर डबा ठेवतो, आणि जेवण जात नाही. तो साचा माझा. मी तलवार उपसायलाच विसरलो. त्याला ओट्यावर बसवलं आणि जाईबाईने आम्हा दोघांना रिकाम्या पळीने वाढलं.

उधळलं नाही. टाळ्या किती वेळ वाजल्या ते मोजलं नाही. कौसल्येचे डोळे ओले दिसले. मी विचारलं, "अखेर करुण झालं ना?" ती म्हणाली, "हो, झालं." पण हसत म्हणाली. तिला रसांतला फरक कधी कळेल असं वाटत नाही.

४ डिसेंबर, रविवार

बरेच महिने लिहिलं नाही. गिरणी दिवाळीच्या आधी कायमची बंद झाली. आत गेलेलेही बाहेर आले. धोंडू संध्याकाळी गॅलरीत येऊन माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "आता फाटकच नाय. कोणाक उघडू?" मग म्हणाला, "फुडच्या नाटकात किल्लेदार मी होतंय." मी विचार करतो म्हटलं. त्याची उंची कमी आहे, पण हल्ली आवाज लागतो.

कौसल्येला जाईबाईच्या ओट्याचा अर्धा कोपरा मिळाला आहे. इतके महिने ती तिथे काय करत होती ते आता मला समजलं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. ती सकाळी माल घेऊन येते, मी टोपली उचलतो. उचलताना पाठांतर करतो, त्यामुळे वेळ वाया जात नाही.

आज कौसल्येचा घसा बसला होता. गिऱ्हाईक समोरून चाललं होतं आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. बाजार गच्च भरलेला. ती माझ्याकडे नुसती बघत होती. मी ओट्यावर चढलो. पोटातून श्वास घेतला, मान वर केली आणि म्हटलं, "बांगडे."

शेवटच्या पायरीवरच्या माणसानेसुद्धा वळून पाहिलं.